कुंडीलाही थंडी वाजते!

डिसेंबर संपत आला की मोबाइलवर एक फोटो हमखास येतो. वेण्णा लेकची जेटी, फळ्यांवर पांढराशुभ्र थर, बाजूला गाडीच्या टपावर कुणीतरी बोटानं लिहिलेलं स्वतःचं नाव आणि खाली कॅप्शन : ‘महाबळेश्वर झालं काश्मीर!’ मग ग्रुपवर एकच गलका. कोण कोण येतंय? गाडी कुणाची? सोमवारची सुट्टी कुणाला मिळतेय? आणि पुढच्या शनिवारी अर्धं पुणं पसरणी घाटात.

मजा आहे, नाही कोण म्हणतंय? गुलाबी थंडी, वाफाळता चहा, कानटोप्या घातलेली मित्रमंडळी. सगळं एकदम सही! पण त्याच पहाटे, जेटीपासून हाकेच्या अंतरावर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात कुणीतरी टॉर्च घेऊन फुलं तपासत असतं. आपल्याला जे ‘वॉव’ वाटतं, ते त्याच्यासाठी महिन्याभराच्या कमाईचं गणित असतं. आणि मंडळी, त्याचं गणित कळलं ना, की आपल्या बाल्कनीतल्या आठ-दहा कुंड्यांचंही गणित आपोआप सुटतं. म्हणून आज जरा शेतातून बाल्कनीत येऊ या.

बर्फ पडत नाही, बर्फ होतं

पहिली गोष्ट. महाबळेश्वरात आकाशातून बर्फ पडत नाही. तिथं पानांवर, गवतावर, गाड्यांच्या टपांवर साठलेलं दव गोठतं. पेपरवाले त्याला ‘हिमकण’ म्हणतात. नाव छान आहे, पण त्यामुळे वाटतं की ही वरून आलेली भेट आहे. प्रत्यक्षात उलटं घडतं. खालची ऊब वर निघून जाते.

म्हणजे कसं, दिवसभर जमीन ऊन खाते आणि रात्री ती ऊब आकाशाकडे सोडत राहते. ढग असले तर ते पांघरुणासारखं काम करतात, निघालेली ऊब बरीचशी परत खाली पाठवतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी असं त्रिकूट जमलं की मग काही खरं नाही. पान, टप, फळी, जे जे आकाशाला उघडं आहे ते आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होत जातं. उत्तरेकडून कोरडे गार वारे येऊन गेले आणि मग एखाद्या रात्री हवा थबकली, की ही वेळ येते. वारा सुटलेल्या रात्री आपण जास्त कुडकुडतो, पण दव गोठतं ते वारा पडलेल्या रात्री.

दुसरी गोष्ट. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साठते. वेण्णा लेक १८४२ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतलं. तलाव बांधायचा तर सखल जागाच लागणार. म्हणजे जिथं पाणी साठतं तिथंच गार हवाही साठते. म्हणून तर फोटो येतात ते वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरातले, मार्केटमधले नाहीत. गावातल्या वेधशाळेत पारा आठ-दहा अंशांवर असतो आणि इकडे तलावाकाठी दव गोठलेलं असतं. दोन्ही बातम्या एकाच दिवशी छापून येतात आणि लोक म्हणतात, कुणीतरी फेकतंय. कुणीच फेकत नसतं!

पांढऱ्या फुलाचा काळा डोळा

आता त्या टॉर्चवाल्याकडे येऊ. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. भिलार गाव २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून गाजलं, पण त्याच्या आधीपासून ते स्ट्रॉबेरीचं गाव आहेच. पावसाळा सरता सरता रोपं लावायची, गादीवाफे, मल्चिंग पेपर, ठिबक, आणि मग साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तोडे. स्ट्रॉबेरीला थंडी आवडते हे खरंच. थंडी नसती तर ती इथं आलीच नसती. पण तिचं पान जितकं दणकट, तितकं तिचं उमललेलं फूल नाजूक. फुलाचं स्वतःचं तापमान शून्याच्या खाली एखादा अंश गेलं, की खेळ खल्लास.

आणि हे दिसतं कसं माहितीये? फूल बाहेरून पांढरंच राहतं. पाकळ्या जागच्या जागी. फक्त मधला पिवळा गोळा, ज्याची पुढे स्ट्रॉबेरी होते, तो काळा पडतो. लांबून बघणाऱ्याला वाफा फुललेलाच दिसतो. जवळ वाकून बघणाऱ्यालाच कळतं की या फुलांना आता काही लागणार नाही.

फुलापासून लालबुंद फळ व्हायला साधारण चार-पाच आठवडे लागतात. आता कॅलेंडर काढा. ख्रिसमसच्या सुट्टीत, आपण टपावर नाव लिहीत होतो त्या पहाटे गेलेलं फूल म्हणजे २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत न आलेली स्ट्रॉबेरी. नेमकी सीझनची गर्दी असते तेव्हाची. आणि त्या वीकेंडला आपणच गाडीची काच खाली करून विचारतो, ‘काय हो, बॉक्स एवढा महाग कसा?’

हे गिल्ट देण्यासाठी सांगत नाहीये. फोटो काढा, बिनधास्त काढा. पण ‘हिमकण’ या शब्दामागे एक काळा डोळा असतो, तेवढं लक्षात असू द्या.

तासगावची पहाट

महाबळेश्वर उतरून साताऱ्यावरून सांगलीकडे गेलं की उंची निम्म्याहून कमी होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास, सांगली साडेपाचशेच्या आसपास. इथं दव सहसा गोठत नाही. म्हणजे टेन्शन नाही? तसं नाही.

तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ हा सगळा द्राक्षाचा पट्टा. तास-ए-गणेश या नावातला ‘तास’ तासगावचाच. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी होते, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत घड ऐन भरात असतात. पारा दहाच्या खाली घसरला की वेलीची मुळं मंदावतात, मणी फुगायचा थांबतो, साखर भरायला वेळ लागतो. पिकत आलेला मणी असेल तर पहाटेच्या गारठ्यात त्याला तडा जातो. एका तडकलेल्या मण्याचा रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो आणि कूज सगळ्या घडात शिरते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीला नाशिककडे निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता, तेव्हा राज्यभरच्या बागायतदारांची झोप उडाली होती.

मग ही मंडळी करतात काय? पहाटे ठिबक सुरू करतात. का, तर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं. गावाकडे हिवाळ्यात पहाटे विहिरीवर तोंड धुतलेल्या कुणालाही विचारा, पाणी हाताला कोमट लागतं. ते पाणी मुळांशी ऊब घेऊन जातं. शिवाय ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते. दुसरा उपाय, बागेत जागोजागी शेकोट्या. एक मोठी होळी नाही, लहान लहान पुष्कळ. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते, लहान जाळ जमिनीलगतची हवा हलवत, तापवत राहतात.

इथं एक गैरसमज. बरेच जण समजतात की धुराचं पांघरूण पिकाला वाचवतं, म्हणून ओला पालापाचोळा जाळून नुसता धूर करतात. पण जमिनीची ऊब अडवायला तो धूर फारसा कामाचा नसतो. काम करते ती जाळाची ऊब आणि तिनं हललेली हवा. तेव्हा सोसायटीच्या टेरेसवर कुंड्यांसाठी पालापाचोळा पेटवायची आयडिया डोक्यात आली असेल तर ती तिथंच विझवा. झाडं वाचणार नाहीत, शेजारी मात्र भांडायला येतील.

पाण्याचा फंडा जगभर चालतो, पण त्याचीही किंमत असते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्लँट सिटीच्या आसपास स्ट्रॉबेरीवर थंडीत रात्रभर फवारे चालवतात. पाणी गोठताना स्वतःची ऊब सोडतं, ती फुलाला मिळते. पण फवारा मध्येच बंद करून चालत नाही. जानेवारी २०१० मध्ये सलग अकरा दिवस कडाका पडला, सगळ्यांनी एकदम पंप चालवले आणि भूजल इतकं खाली गेलं की जमिनीत शंभराहून जास्त खड्डे पडले, आजूबाजूच्या कित्येक घरांच्या विहिरी आटल्या. आपल्या जत-कवठेमहांकाळच्या माणसाला हे ऐकवलं तर तो कपाळावर हात मारून घेईल. जिथं पिण्याच्या पाण्यासाठी टँकर येतो तिथं रात्रभर फवारे कुठले चालवणार?

फोनवरचा आकडा आणि पार्किंगमधली गाडी

आता आपल्याकडे येऊ. आपल्यातले कितीतरी जण आठवडाभर पुण्यात आणि शनिवारी स्वारगेटहून साताऱ्याच्या नाहीतर सांगलीच्या एसटीत. दोन्हीकडे कुंड्या. इथं भाड्याच्या फ्लॅटची बाल्कनी, तिथं आईचं अंगण किंवा गच्ची. रात्री फोनवर बघतो, ‘किमान ११’. वाटतं, ठीके, शून्यापासून लांब आहोत.

पण तो आकडा तुमच्या झाडाचा नाही. वेधशाळेचा तापमापक लाकडी, झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून चार फूट किंवा त्याहून वर असतो. तो हवेचं तापमान सांगतो. गच्चीवर आकाशाला उघडं असलेलं पान निरभ्र, शांत रात्री त्या आकड्यापेक्षा चार-पाच अंशही खाली जाऊ शकतं. म्हणजे ११ चे सहा-सात झाले की!

विश्वास बसत नाही? उद्या सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये जा. उघड्यावर लावलेली गाडी दवानं चिंब असेल. झाडाखाली किंवा शेडखाली लावलेली, तीच कंपनी, तेच मॉडेल, बरीचशी कोरडी असेल. हवा तीच, रात्र तीच. फरक एवढाच, की एकीला आभाळ दिसत होतं आणि दुसरीला दिसत नव्हतं. कुंड्यांचंही हेच. कुंडीवरून वर बघा. जितकं आभाळ दिसतं, तितका धोका.

माझी सांगलीची मावशी विज्ञान वगैरे न शिकता हे कधीपासून जाणते. विश्रामबागेतल्या तिच्या गच्चीवर पंचवीसेक कुंड्या आहेत. ती कधी तापमान बघत नाही. संध्याकाळी वर बघते. ‘अगं, चांदण्या लख्ख दिसल्या की झाकायचं. ढग असले की देवानंच झाकलेलं असतं.’ एवढा एकच नियम. आणि तो हवामानाच्या पुस्तकात बसतो.

शून्य नाही, तरी झाड का रुसतं?

सातारा आणि सांगली शहरात पाणी गोठत नाही, मग झाडं का खराब होतात? याचं उत्तर तुमच्या फ्रिजमध्ये आहे. केळं फ्रिजमध्ये ठेवा. गोठत नाही, तरी दोन दिवसांत काळंठिक्कर पडतं. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पेशींना दहा-बारा अंशांखालचा गारठाच सोसत नाही. आपली तुळस, मनी प्लांट, अ‍ॅग्लोनेमा, क्रोटन, अ‍ॅडेनियम, मिरची हे सगळे केळ्याचे भाऊबंद. पानं मलूल होतात, डाग पडतात, गळतात.

गोठणं हे वेगळं. त्यात आधी पेशींच्या मधल्या जागेत बर्फ होतं आणि ते पेशीतलं पाणी ओढून घेतं. फ्रीझरमधून काढलेल्या कोथिंबिरीची जुडी आठवा, काळपट, लिबलिबीत. महाबळेश्वर-पाचगणीला कुणाचं सेकंड होम असेल तर त्यांच्या जास्वंदीची सकाळी तशीच अवस्था झालेली असते.

आणि कुंडीची एक खास अडचण आहे. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना चहूबाजूंनी माती असते, ती सहजासहजी गार होत नाही. कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी थंडीच. त्यात मातीची कुंडी असेल तर माठच तो! माठातलं पाणी का गार होतं, तर पाझरून आलेलं पाणी वाफ होऊन उडताना ऊब घेऊन जातं. उन्हाळ्यात मातीची कुंडी म्हणजे झाडाचा एसी, पण थंडीत ओली राहिली तर तो एसी चालूच राहतो.

एक दिलासा. सगळीच झाडं झाकायची नसतात. शेवंती, पिटुनिया, पॅन्सी, डायंथस, पालक, मेथी, कोथिंबीर यांचा हाच सीझन. मोगरा आणि कढीपत्ता थंडीत सुस्तावतात, पानं पिवळी पडतात, वाढ थांबते. ते आजारी नाहीत, सुट्टीवर आहेत. त्यांना डोस पाजू नका.

कानटोपी नको, तंबू हवा

मुद्द्याची गोष्ट. पांघरूण झाडाला ऊब देत नाही. झाड काही आपल्यासारखं अंगातून ऊब काढत नाही. ऊब असते मातीत आणि फरशीत, दिवसभर खाल्लेल्या उन्हाची. पांघरूण फक्त ती निसटू देत नाही. म्हणून झाडाच्या डोक्यावर कानटोपी घालून खोडाशी गाठ मारली, की मातीची ऊब बाहेरच राहते आणि झाड आत गारठतं. पांघरूण खाली कुंडीपर्यंत, जमलं तर जमिनीपर्यंत यायला हवं. तंबूसारखं.

कापड कुठलं? जुनी सुती साडी, चादर, गोणपाट. चार काठ्या रोवून त्यावर टाका, पानांना टेकू देऊ नका. प्लॅस्टिकच असेल तर हा नियम जास्त कडक, कारण जिथं प्लॅस्टिक पानाला चिकटतं तिथं बाहेरचा गारठा सरळ पानात उतरतो. आणि सकाळी ऊन आलं की काढायचंच. आपण नऊच्या मीटिंगसाठी पळतो आणि पांघरूण तसंच राहतं. मग दिवसा मातीला ऊन मिळत नाही, आत दमटपणा साठतो, बुरशी येते. दिवसाची ऊब भरलीच नाही, तर रात्री साठवणार काय?

त्याहून सोपं म्हणजे जागा बदलणं. गच्चीच्या मध्यावरच्या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीशी आणा. दुपारचं ऊन खाल्लेली भिंत रात्री उशिरापर्यंत उबदार असते. वर छज्जा किंवा शेड असेल तर सोन्याहून पिवळं, आभाळच दिसणार नाही. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, नाजूक मध्ये, दणकट कडेला. थंडीत एसटी स्टँडवर माणसं जशी बसतात तशा. कुंडीखाली पुठ्ठा, थर्माकोल किंवा लाकडी फळी. बाजूनं गोणपाट गुंडाळलं तर मुळांना स्वेटरच.

एक जुगाड. दोन-दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या पाण्यानं भरा आणि कुंड्यांच्या मध्ये उन्हात ठेवा, शक्यतो गडद रंगाच्या. दिवसभर तापतील, रात्री पांघरुणाखाली हळूहळू ऊब सोडतील. तासगावच्या विहिरीची ही बाल्कनी आवृत्ती! दिवाळीची माळ झाडाला गुंडाळायची आयडिया काही जण देतात. जुन्या बारक्या बल्बच्या माळा थोड्या तापायच्या, आताच्या एलईडी माळा नावाला तापतात. फोटो झकास येईल, झाडाला काहीही कळणार नाही.

थंडीत जातं ते झाड बऱ्याचदा पाण्यानं जातं

हे वाक्य फ्रिजवर चिकटवा. गारठ्यात झाड पाणी कमी पितं, माती उशिरा वाळते आणि आपण मात्र उन्हाळ्याच्या सवयीनं रोज मगभर ओततो. मुळं गार चिखलात बसून कुजतात. पानं मरगळतात, ती बघून आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आणखी पाणी. खेळ खलास!

बोटाचं दुसरं पेर मातीत घाला. ओलसर लागलं तर हात आवरा. कोरडं लागलं तर पाणी द्या, पण सकाळी ऊन वर आल्यावर. म्हणजे माती ओलसर राहते, दिवसभर ऊब साठवते, पानंही रात्रीपर्यंत कोरडी होतात. ऑफिसातून आल्यावर रात्री नऊला पाणी घालणं बंद. द्राक्षवाला पहाटे पाणी देतो, मग आपण का नाही, असं विचाराल तर त्याचं पाणी जमिनीखालून उबदार येतं आणि मातीत निचरून जातं. आपलं येतं गच्चीवरच्या रात्रभर गारठलेल्या टाकीतून आणि साठतं बशीत. हो, त्या बशा आधी रिकाम्या करा.

खतही आवरा. युरियासारखं नत्राचं खत दिलं की कोवळी फूट येते आणि कोवळी फूटच आधी मरते. छाटणीचंही तेच. काळवंडलेली पानं कुरूप दिसतात, पण खालच्या जिवंत फांदीला तीच थोडा आडोसा देतात. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असं आपल्याकडे म्हणतात ना, तोवर कात्री कपाटात ठेवा. मग नखानं साल हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर तिथंपर्यंत छाटा. किती झाडं निव्वळ जानेवारीतल्या घाईनं कचऱ्यात जातात!

तुळशीचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो फक्त बागकामाचा नसतो. नोकरीसाठी घर सोडताना आई डब्याबरोबर एक रोपटंही देते, निम्म्या वेळा ते तुळशीचं असतं. कार्तिकात थाटात लग्न लागतं आणि पौषात तीच तुळस काड्या होऊन उभी असते. वाईट वाटतं, शिवाय फोनवर ‘तुळस कशी आहे गं?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

तर घाबरू नका. तुळस थंडीत मरगळणारच, तिचा स्वभाव आहे. मंजिऱ्या खुडत राहा, बी धरण्यात तिची ताकद जाऊ देऊ नका. दिवसा भरपूर ऊन, रात्री छताखाली, पाणी बेतानं. रोज पूजेचा तांब्या ओतायचाच असेल तर तांब्यात पाणी थोडंच घ्या, श्रद्धेला मापाची अट नसते. आणि खुडलेल्या मंजिऱ्या वाळल्या की त्यातलं बी एका कागदाच्या पुडीत ठेवून द्या. सगळं करूनही झाड गेलंच, तर उन्हाची ताकद वाढली की त्याच घरच्या तुळशीचं नवं रोप तयार. आईला खोटं सांगावं लागणार नाही.

आज रात्रीची टू-डू लिस्ट

१. संध्याकाळी फोनच्या आधी आकाश बघा. चांदण्या लख्ख, वारा बंद, म्हणजे आज झाका.
२. नाजूक कुंड्या भिंतीशी, छज्जाखाली, एकमेकींना खेटून.
३. सुती कापडाचा तंबू, पानांना न टेकणारा, खालपर्यंत येणारा.
४. बशीतलं पाणी ओतून टाका. रात्री पाणी नाही.
५. सकाळी दात घासता घासता पांघरूण काढा. तेवढाच वेळ लागतो.

हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात आणि फार तर जुनी चादर खर्ची पडते. आपलं गेलं तर शंभर-दीडशे रुपयांचं रोप जातं, पुढच्या रविवारी नर्सरीतून दुसरं येतं. लिंगमळ्याच्या किंवा तासगावच्या माणसाला दुसरा रविवार नसतो, पुढचा हंगाम असतो. तेव्हा या जानेवारीत स्ट्रॉबेरीचा बॉक्स किंवा द्राक्षाची पेटी घ्याल ना, तेव्हा घासाघीस थोडी कमी करा. रात्रभर जागून कुणीतरी ती झाकलेली असते.